दाब, धर, सोड

ऑटोमोटिव्ह चौकाच्या सिग्नलला
पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.
मागे अकरा कूलर, दोरीनं बांधलेल्या वाळ्याच्या ताट्या,
त्यामागे एका बसचा हॉर्न, आणि मे महिना.
गाडी बंद केली. पहिल्यात टाकली.
चावी फिरवली तशी ती बेडकासारखी उड्या मारत निघाली
ते थेट सुगत मेश्रामच्या कडुनिंबाखाली.

सुगतनं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.
चप्पल काढली, आत बसला,
अनवाणी पाय पेडलवर ठेवून डोळे मिटले.
"क्लच प्लेट गेली काय?" मी विचारलं.
"काहून जाईल? प्लेट गेलेली गाडी ओढत नाही.
ही तर ओढून राह्यली ना बे.
पकडते बरोबर. सोडून नाही राह्यली."

मग डबीचं झाकण. तेल अर्ध्यावर,
रात्रभर चुलीवर राहिलेल्या चहासारखं काळं.
मॅट उचलली : कोरडी. दांडा : कोरडा.
खाली शिरून स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी
नखानं मागे सारली, बोट ओढलं, बोट दाखवलं.
ओल होती. थेंब नव्हता.
"हा असू शकतो. नसूही शकतो," सुगत म्हणाला,
आणि एकशे ऐंशीचं किट आणायला मलाच पाठवलं.

किट बसलं. आता आतली हवा काढायची
तर एक माणूस वर लागतो, एक खाली.
सुगतचा पोरगा काटोलला लग्नात, सुगतचा गुडघा सुजलेला.
"शालिकला बोलाव."
मी म्हटलं, दुसरं कोणी पाहा.
"गाडी अर्धी त्याची आहे का नाही?"

आहे. सोमवार ते बुधवार त्याची, पुढे माझी.
बुधवारी रात्री तो चावी शटरखालून आत सरकवतो.
शिमग्यापासून हे असंच.

आला. तोंडावरचा दुपट्टा सोडला नाही,
माझ्याकडे पाहिलं नाही, केबिनमध्ये चढला.
मी पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली,
दहाचा पाना, पारदर्शक नळी,
नळीचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत.

दाब.
धर.
पाना पाव फेरा. नळीत बुडबुडे,
करवंदाएवढे, मग मोहरीएवढे.
पाना बंद. सोड.
दाब. धर. सोड.
अडीच महिन्यांत भावाशी बोललेले हेच तीन शब्द,
आणि तो प्रत्येक शब्द ऐकत होता.

एकोणीस वेळा. बुडबुडे संपले.
पेडल तरी पोकळच.

सुगत बराच वेळ काही बोलला नाही. खर्रा घोळवत राहिला.
मग वाकून म्हणाला, "पाइप मुठीत धर. तो रबरी, छोटा."
धरला. बाहेरून धडधाकट, एक भेग नाही.
"शालिक, दाब."

मुठीत पाइप फुगला.
राग गिळताना कानशिलाजवळची शीर फुगते, तसा.
वरून दिलेला सगळा जोर
इथं, या वीतभर रबरात, फुगण्यातच खर्च होत होता.
खाली पोचत होतं ते उरलंसुरलं.

"काय आहे?" वरून आवाज आला.
"पाइप."
"कोणता?"
सांगून कळेना, तेव्हा तो उतरला.
मी बाहेर आलो, तो पोत्यावर आडवा झाला,
माझ्या घामाच्या ओल्या जागेवर.
मी वर बसून दाबलं.
"अरे हा तर," तो खालून म्हणाला, आणि पुढचं बोललाच नाही.

नवा पाइप तीनशे चाळीस. पुन्हा हवा.
या वेळी मी वर होतो, तो खाली,
आणि हुकूम त्याचे.

रिव्हर्स न किरकिरता पडला.
गुरुवार होता, म्हणजे गाडी माझी.
पण तो दुसऱ्या बाजूनं चढला,
"अजनीला तिसरा मजला आहे," एवढंच म्हणाला.
दुपट्टा तसाच.
मानकापूरपर्यंत मी पाहत होतो :
दर गिअरला त्याचा डावा पाय
तिथं नसलेलं पेडल
दाबून राह्यला.