ओल

नळाचा वॉशर बदलायचा राहिलाय, दिवाळीपासून.
आळशी म्हणाल, तर तसा मी नाही.
तो नळ टाळता टाळता
माळा आवरला, पंखे पुसले,
मेहुण्याचा पेन्शनचा फॉर्मसुद्धा भरून दिला.

काल कोपरखैरण्यात लाइट गेली.
मेणबत्ती मागायला खाली घरतांकडे गेलो.
त्यांच्या मोरीवर पोपडे सुटलेला स्लॅब,
खाली रंगाचा रिकामा डबा,
डब्यात फडकं, थेंब वाजू नये म्हणून.
"रात्री दोनला उठून एकदा ओतते,"
सुगंधाताई म्हणाल्या,
"मग सकाळपर्यंत बघायला नको."
बाकी काही बोलल्या नाहीत.
मेणबत्त्या दोन दिल्या.

दोनला मी गाढ झोपेत असतो.

वर येऊन पाना शोधायला घेतला.
दुसरी मेणबत्ती विझेपर्यंत
अख्खा खण
नीट लावून झाला.