सुईखाली वॉशर

हैथम डबा घेऊन आला तेव्हा दुपारचे साडेतीन.
वादी कबीरच्या पत्र्यांमधून ऊन गळत होतं
आणि मी कुलरपुढे अंगावरचं बनियन वाळवत उभा.
डबा अमेरिकेचा. आत काळ्या स्पंजात
सहा पितळी जेट, दोन सुया,
एक ड्रिलबिट, दोन स्टिकर.
बेचाळीस रियाल, म्हणाला, टपाल वेगळं.
मग हळूच: उस्ताद, घोडे किती वाढतील?

इथे मला उस्ताद म्हणतात.
इचलकरंजीत सूतगिरणीमागच्या गॅरेजात
मी अकरा वर्षं 'ए बारक्या' होतो.

मी आधी प्लग काढले, दोन्ही.
शिरोळकर मास्तरांची शिकवण,
गाडी बोलत नसेल तर तिची जीभ बघावी.
जीभ बिस्किटी. मारी असतं ना,
चहात बुडवायच्या आधीचं, तशी.
म्हणजे पोट साफ.
सायलेन्सर कंपनीचा, फिल्टर कंपनीचा,
आत येणाऱ्या हवेच्या मापानं
कुणीतरी जपानात बसून भोक पाडलेलं,
एकशे पस्तीस नंबर,
केसाला लाजवेल असं.

मोडक्या अरबीत सांगितलं,
भूक तेवढीच आहे, मग ताट का वाढवतोस?
तो हसला. विशीतलं पोर.
आलेला डबा परत पाठव म्हणणं म्हणजे
नव्या चपला घातलेल्याला बस म्हणणं.
आणि खरं सांगायचं तर
त्या महिन्याचं खोलीभाडं माझ्याही डोक्यावर होतं.
बसवलं किट. अठरा रियाल मजुरी.
जुने जेट मात्र टाकले नाहीत,
सुपारीच्या डबीत घातले, वर टेप,
टेपवर त्याचा नंबर.

दुसऱ्या दिवशी फोन: उस्ताद, विमान झालंय!
झालं असेल.
टाकीवरचा स्टिकरही थोडी ताकद देतोच.

तिसऱ्या आठवड्यात गाडी पिकअपमधून आली.
दोस्तांबरोबर जबल शम्सला निघाला होता,
अल हमरा सोडलं, घाट चढला,
वर हवा विरळ, खाली पेट्रोल मोकाट,
गाडी ठसकायला लागली
एका घासात दोन भाकरी कोंबल्यासारखी.
प्लग काढला. तव्याचं बूड.
मी काही बोललो नाही. तोही नाही.
डबी उघडली, एकशे पस्तीस परत बसवला.
मजुरी घेतली नाही.
हे मोठेपण नव्हे, हिशेब होता,
पहिल्या अठरांतले सहा मला रात्री टोचत होते.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो.

हिवाळ्यात त्यानं सायलेन्सर बदलला,
उघड्या तोंडाचा, सीबच्या कुठल्या कारखान्यातला.
आता उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके,
मधल्या वेगात धाप, पाइपला निळी झाक,
आणि जीभ खडूसारखी पांढरी.
आता खरंच भूक होती.
तोच डबा, तेच जेट,
ज्यांना मी उन्हाळ्यात मनात शिव्या दिल्या.
एकशे बेचाळीस जास्त झाला.
एकशे चाळीसनं गाडी कण्हली.
एकशे अडतीसवर गप्प बसली.
अमेरिकन सुया तशाच स्पंजात,
जपानी सुईखाली मी अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातला,
रेडिओ दुरुस्तीवाल्या बशीरकडून आणलेला,
पन्नास बैसा जोडी. तेही त्यानं घेतले नाहीत.

म्हणजे बेचाळीस रियालांतून
शेवटी लागले दोन पितळी मणी.
आता कुणी विचारलं, किट घ्यावं का,
तर मी म्हणतो, आधी प्लग काढ.
लोकांना हे उत्तर आवडत नाही.
लोकांना नंबर हवा असतो.

हैथम अजून येतो, तेल बदलायला,
कधी नुसताच, खजूर घेऊन.
उरलेला स्टिकर त्यानं माझ्या टूलबॉक्सला चिकटवला,
लाल, पंख असलेला.
तेव्हापासून झाकण जरा जोरात उघडतं,
असं मला वाटतं.