वजनांची वही

गूळवाल्या ओस्तवालांकडून आणलेला वजनकाटा,
मार्केट यार्डात म्हातारा झालेला,
कधी दोन किलो जास्त, कधी तीन कमी दाखवणारा:
कंपनीची पहिली मालमत्ता तीच.
हेलिकॉप्टर भाड्याचं होतं.

हडपसरला, ग्लायडिंगच्या मैदानापलीकडे
पत्र्याची शेड, एक फोन, एक माठ,
आणि टायपिंगची परीक्षा पास झालेली मी,
माणसांची वजनं लिहायला बसलेली.

नवरदेव, फेट्यासकट, बहात्तर.
करवली पंचेचाळीस, तिची पर्स सहा.
पुढारी काट्यावर चढायचेच नाहीत.
"लिहा ऐंशी," म्हणायचे त्यांचे पीए.
मग कॅप्टन गझदर हस्तांदोलन करायचे,
हात जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे
आणि पाठीमागून मला बोटांनी सांगायचे:
एकशे चार.
काटा चुकायचा. गझदर नाही.

हुसेन आतार आदल्या रात्रीच निघायचा,
टेम्पोत इंधनाची पिंपं, फक्कीचं पोतं.
एकदा टेम्पो दिवेघाटात बसला,
म्हणून मी फोनवरूनच हेडमास्तरांना सांगितलं,
मैदानावर मोठ्ठा ह काढा.
त्यांनी काढला.
देवनागरी, वळणदार, कित्त्यासारखा.
म्हसकर त्याच्या पोटात अलगद उतरले
आणि परत आल्यावर म्हणाले,
"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मातृभाषेत लँडिंग."

आंतोन घोन्सालविस, वसईचा, सत्तावन्न किलो,
हत्यारांच्या पेटीसह एकोणनव्वद.
स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा कानाला लावून
गिअरबॉक्स ऐकायचा, डोळे मिटून.
"आज हिचा घसा बसलाय," म्हणाला एका मुहूर्ताच्या सकाळी.
मालक ओरडले, मुलीचे मामा ओरडले,
घोन्सालविस हात पुसत राहिला.
नवरदेव शेवटी घोडीवरून गेला.
घोडीचं वजन कोणी विचारलं नाही.

पगार लग्नाच्या पाकिटांतून व्हायचा,
वर गणपती, खाली चिकटवलेला शकुनाचा रुपया.
नोटा मालकांच्या. रुपये आमचे.
बोर्नव्हिटाच्या डब्यात साठवलेले ते रुपये
दोनदा फोन तुटण्यापासून वाचवून गेले,
आणि एकदा, सगळ्यांना मिळून,
कॅम्पात मटण पॅटिस.

म्हसकरांच्या शेवटच्या पानाबद्दल मी लिहिणार नाही.
ते दुसऱ्या कंपनीच्या वहीत आहे,
समुद्रावरच्या.
माझ्या वहीत ते चौऱ्याऐंशी किलोच आहेत,
पावसाळ्यात पंच्याऐंशी, भज्यांमुळे.

पुढे कंपनी गेली, शेड गेली,
तिथे आता मजल्यांवर मजले.
काटा मी घरी आणला. रद्दीवाला आला की
त्याच्या काट्याशी भांडायला उपयोगी पडतो.

परवा वानवडीला गेले होते. गझदरांना भेटायला.
नर्सने चार्टवर लिहिलं, बावन्न.
एकाहत्तरातून बावन्न, माझ्या तोंडून निघून गेलं, एकोणीस.
ते डोळे न उघडता म्हणाले,
"म्हणजे चौदा मिनिटांचं इंधन जास्त घेता येईल."
मग थोडं थांबून, "तेरा. वारा आहे."

त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही उडाले नाही.
कधी जागा नसायची, कधी वजन शिल्लक नसायचं,
माझीच बेरीज, मीच खोडणार कशी.
काट्यावरही कधी चढले नाही,
कोण लिहिणार होतं?

निघताना हात पुढे केला.
त्यांनी तो धरला,
जरा जास्तच वेळ धरून ठेवला.
"अडुसष्ट," म्हणाले.

"चूक," मी म्हटलं.
आणि जिन्यात थांबून
पर्समधल्या किराणाच्या यादीमागे
लिहून ठेवलं: अडुसष्ट.