पान त्र्याहत्तर

निवतीच्या वाचनालयात भुताची एकच कादंबरी,
पुठ्ठा गेलेला, जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेली.
पानांना सुक्या बांगड्याचा वास,
कारण खाली केरू मेतराचं गोदाम.
यंदा मी ती सातव्यांदा वाचली.

गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे.
मिठागराचा मेलेला मालक
रात्री कोठारात मीठ मोजतो, खडा खडा,
मोज चुकली की जवळच्या माणसाला
हिशेबात धरतो.
मोजणीखात्याचा साहेब तिथं एक रात्र काढतो,
आजोबांचा ताईत मुठीत घट्ट,
आणि उजाडतं तेव्हा जिवंत असतो.
गावात सगळे ताईताचंच बोलतात.
लेखकही ताईताचंच बोलतो, शेवटी, दीड पान.

पण पान त्र्याहत्तर.
चार ओळी.
एक पोर कंदिलाची काच राखेनं पुसते,
वात कापते, टाकी भरते,
"रातचा भायर जाव नकात" म्हणते
आणि जाते.
नाव नाही. परकराचा रंग नाही.
पुन्हा ती कुठेच येत नाही,
मेलेल्यांतसुद्धा नाही.

मी तीस वर्षं रेशनवर रॉकेल मापलं.
भुतांतलं मला कळत नाही, तेलातलं कळतं.
आधीच्या माणसांचे मृत्यू काढून बघा :
प्रत्येक वेळी दिवा आधी गेलाय.
पान एकसष्टवर कारकून सांगतो,
"अर्धीच भर गो. सायब काय रातभर वाचूचो नाय."
रुंद वातीचा कंदील, अर्धी टाकी,
दिवेलागणीला पेटवला तर साडेबारा.
फार तर एक.
आणि पान एकशे नव्वदवर, कोंबडा आरवतो तेव्हा,
"ज्योत अजून थरथरत होती."

म्हणजे तिनं काठोकाठ भरली.

हे पुस्तकात नाही.
लेखकालाही ठाऊक नसावं.
साहेब अंधारात बसायला नको
म्हणून त्यानं तिला आत पाठवलं,
आणि तिनं त्याची पाठ वळल्यावर
शेवट ओतून ठेवला.

समासात पेन्सिल आहे, जुनी.
"हिचं पुढे काय झालं?" गोल, शाळकरी अक्षर.
खाली दुसरा हात : "वेंगुर्ल्याक दिली."
त्याखाली शाईनं, कागद फाटेल इतकं दाबून :
"तेल चोरलं म्हणून कारकुनानं हाकलली."
मला हेच खरं वाटतं.
तेलाचा हिशेब कुठेतरी लागतोच.

आता माझं.
माझं माप पितळेचं होतं, तळ आतून ठोकलेला.
ठोकला मालकानं. ओतलं मी.
लिटरमागे बोटभर.
भोगव्याची एक बाई यायची,
बाटलीच्या गळ्याला सुंभ,
बाटली उजेडात धरून बघायची
आणि काही न बोलता बूच लावायची.
बोटभर तेल म्हणजे दोन तास.
मला माहीत होतं.
तिच्या घरात किती वाजता काळोख झाला,
तेव्हा कोण पुस्तक मिटून उठलं,
कोण किनाऱ्याकडे डोळे लावून बसलेलं,
हे कुठल्याच पानावर नाही.

सहा वेळा वाचून कळलं नव्हतं
की तो मीठ मोजणारा
मला इतका ओळखीचा का वाटतो.

ग्रंथपाल बाई म्हणतात, पुस्तकात लिहिलं तर दंड.
मी पाच रुपये आधीच टेबलावर ठेवले.
समासात बोटभरच जागा उरली होती.
नाव लिहिणार होतो, पण तिचं नाव ठेवणारा मी कोण.
म्हणून एवढंच लिहिलं :
"टाकी पूर्ण. माप बरोबर."
आणि खाली सही केली,
पावतीवर करायचो तशीच,
फक्त या वेळी वाचता येईल अशी.