नाव कमी केल्याचा दाखला

सिन्नरच्या तहसिलीत कारकुनानं विचारलं,
"नाव कमी करायचंय ना?"
आई माझ्यामागं सरकली.
कमी केलेलं नाव तिनं एकदाच पाहिलेलं,
दादांचं, रेशनकार्डावर,
तांबड्या शाईची आडवी रेघ.
"अगं, तू फक्त नाशकात राहायला येतेयस."
"मग तसं लिहा म्हणावं."
तसं लिहायची जागा फॉर्मात नव्हती.

मोहदरीचा घाट उतरताना
मांडीवर तिची पिशवी:
दम्याचा पंप,
बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं
(नाव त्यांच्यावरच आहे, म्हणून टाकत नाही),
विडी कामगाराचं कार्ड, कोपरे गेलेलं,
आणि सूप.
सूप कशाला?
विचारू नको म्हणाली.

पवननगरात आमची दीड खोली.
लाइटबिल घरमालकाच्या नावावर,
भाडेकरार नवऱ्याच्या.
आई कुणाच्याच नावावर नाही.
एकानं सांगितलं, दवाखान्याचं कार्ड
कुठंही चालतं, पत्ता जुना असला तरी.
दुसऱ्यानं सांगितलं, चालतं, पण.
त्या 'पण'साठी मी अंबडच्या कंपनीत
दोन दिवस बिनपगारी टाकले.

सेतूवरच्या पोरानं मशीन पुढं केलं.
अंगठा. नाही.
तर्जनी. नाही.
"मावशी, जरा दाबून."
चाळीस वर्षं दाबूनच तर झालं,
हजारामागून हजार,
तेंदूचं पान, चिमूटभर जर्दा, दोरा, नख.
बोटांवर जे कोरलेलं होतं
ते विड्यांत वळून गेलं,
कुठल्या कुठल्या गावात
कुणी कुणी ओढून टाकलं असेल.
पोरगा म्हणाला, "रेषाच नाहीत."
आई म्हणाली, "होत्या."

मग डोळे. एकात मोती पिकलेला.
दुसऱ्यानं तिला ओळखलं.
जन्मतारीख, एक जानेवारी.
आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका
एकाच दिवशी जन्मल्या,
लिहून घेणाऱ्याला घाई होती म्हणून.
सत्तर मात्र भरली होती, कागदावर तरी.
तेवढं त्याच्या घाईनं बरं केलं.

"ओटीपी बघा."
नंबर शमीमभाभीचा, सिन्नरच्या भिंतीपलीकडच्या.
फोन वाजून बंद. परत वाजून बंद.
पडद्यावर मिनिटं उलटी चाललेली,
मागं रांगेत कुणीतरी खोकतंय, मुद्दाम.
"हां बोल. थांब, चष्मा."
सहा.
शून्य.
"हा चार आहे की नऊ गं?"
चार, बहुतेक.
"आणि ठकूला सांग, तिची मांजर
माझ्याकडं जेवते, पण झोपायला
तिच्याच पायरीवर जाते."
पोरगा म्हणाला, "ताई, फक्त आकडे."

कार्ड निघालं. लॅमिनेशनचे वेगळे तीस.
फोटोत आई कुणावर तरी रागावलेली.
मी म्हटलं, आता नंबरही माझा टाकू,
दर वेळी कशाला तिला त्रास.
गरम कार्डावर ती फुंकर घालत होती.
"पत्ता घेतलास," म्हणाली,
"नंबर राहू दे.
नाहीतर ती मला फोन कशाला करील?"

रेशनकार्डाचं अजून व्हायचंय.
सिन्नरला कमी झालेलं नाव
नाशकात अजून वाढलेलं नाही,
मधेच कुठंतरी, शिंदे-पळशाच्या आसपास असेल.
आई सकाळी सहाला उठते,
सूप मांडीवर घेते,
गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापून
एकेक गोळी सुटी करते,
मोजते, पंचवीस झाल्या की थांबते,
दोरा शोधते.