प्रश्न सातवा

काफुए गावाबाहेर, जुन्या कंटेनरला दोन खिडक्या कापून
केलेला आमचा वर्ग.
अकरानंतर पत्रा तापतो, म्हणून परीक्षा सकाळी सातला.
नऊ ड्रायव्हर, डिस्पॅचची एक बाई,
आणि मी, चिपेगो हाचोम्बे, वय एकोणतीस, शिक्षिका.
ट्रक कधी चालवलेला नाही.

हे प्रमाणपत्र सगळीकडे चालतं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
डर्बनला चालतं, दार-एस-सलामला चालतं,
दुबईत, रॉटरडॅममध्येसुद्धा चालतं.
"कागद बरा चालतो," मागून सियामुलोंगा म्हणाला,
"मी चिरुंडूच्या नाक्यावर चार-चार दिवस उभा असतो."
वर्ग हसला. मीही हसले,
मग उगाचच फळा पुसला.

बत्तीस वर्षं तांबं नेलंय त्यानं दक्षिणेला.
येताना खत, साखर, आणि एकदा
दाताच्या डॉक्टरचा अख्खा दवाखाना, खुर्चीसकट.
आता कंपनीला कंत्राट हवंय, कंत्राटाला कागद हवाय,
म्हणून तो इथे, बाकात गुडघे कोंबून.
डोळ्यांवर मेहुण्याचा चष्मा,
एक काडी काळ्या टेपनं बांधलेली.

प्रश्न सातवा:
लांब उतारावर जड वाहन नेताना घ्यायची खबरदारी
पाच मुद्द्यांत लिहा. गुण दहा.

रात्री पेपर तपासायला बसले.
नमुना-उत्तर डाव्या हाताला:
उतरण्यापूर्वी ब्रेक-तपासणी. खालचा गिअर. इंजिन-ब्रेक.
सुरक्षित अंतर. वेगमर्यादा.
उजव्या हाताला सियामुलोंगा,
मोठं अक्षर, इंग्रजी तोंगाच्या चालीवर:

"माथ्यावर बायका कोळशाची पोती विकतात, तिथे थांब.
कोळसा नको असला तरी थांब.
उतरून प्रत्येक चाकाजवळ हात ने. लावू नकोस.
जे बाकीच्यांहून गरम, त्याचं ऐक.
रेडिओ बंद.
ब्रेक जळल्याचा वास यायच्या आधी तोंडात चव येते,
पत्र्याच्या डब्यात राहिलेल्या आंबट दुधासारखी.
ती आली की उशीर झालेला नसतो. वास आला की झालेला असतो.
तिसऱ्या वळणावर खाली पडलेले ट्रक दिसतात.
उतरताना बघायचं नाही.
परतताना, चढावर, बघायचं. एकेकाचं नाव घ्यायचं.
निळा मुन्साकाचा."

मुन्साका.

उठले. कपाटातून तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं.
माझ्याच हिरव्या शाईत:
मुन्साका, एकूण शेकडा चौऱ्याऐंशी.
उताराच्या प्रश्नात दहापैकी दहा.
समारंभाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता,
फोटोत प्रमाणपत्र जरा तिरकं धरलंय.

पुन्हा येऊन बसले.
पाच मुद्द्यांपैकी सियामुलोंगाकडे एक सापडतो.
ओढूनताणून दीड.
गिअरचा तर उल्लेखच नाही.
पण श्वास घेत राहा, असं
उत्तरात लिहितं का कुणी?

पेपर पुढे दुसऱ्या देशात जातात, फेरतपासणीला.
तिथे कुणीतरी माझ्यासारखंच बसेल, नमुना-उत्तर डाव्या हाताला.
पेन्सिलीनं तीन लिहिले. खोडले.
सात लिहिले. कागद तिथे पातळ झाला.
शेरा नावाचा रकाना असतो, बोटभर,
तो इतक्या वर्षांत कधी वापरला नव्हता.
त्यात एवढंच मावलं:
याला विचारा, मला नको.

सकाळी तो यार्डात टायरवर पाय ठोकत होता.
शनिवारी तांबं घेऊन निघणार.
मी म्हटलं, शेजारची सीट रिकामी असेल तर
चिरुंडूपर्यंत येऊ का?

चष्मा काढून त्यानं मला नीट पाहिलं.
"मालवाहू गाडीत प्रवासी नेता येत नाही," म्हणाला,
"तुमचाच धडा आहे, मॅडम. तिसरा."