एकशेसहा पौंड

शिटी दातांत धरूनच होतो मी.
वाजवायची वेळ आलीच नाही.

नेब्रास्कातलं गाव, बाहेर उणे अकरा,
पार्किंगमधला बर्फ राखाडी पडलेला.
आत शाळेच्या जिममध्ये पॉपकॉर्न, घाम
आणि गादीवर मारलेल्या जंतुनाशकाचा वास.
तेवीस वर्षं हाच वास नाकात घेऊन
मी रविवारी चर्चमध्ये बसतो.

उपांत्य फेरी. वजन एकशेसहा पौंड.
घोट्याला लाल पट्टी : डार्सी कुचेरा, नववी.
हिरवी पट्टी : एझ्रा थीसन, दहावी,
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.
उंबऱ्याशी कुणी अडखळावं
तसा गादीच्या कडेला थांबला.

"सर, मी नाही खेळणार."
आवाज नुकता फुटलेला, मध्येच पोरगं डोकावलं त्यातून.
"तिच्याबद्दल काही नाही, सर. आमच्याकडे
बाईमाणसावर हात..."
पुढचं घरून पाठ करून आला असावा.
इथे आठवेना.

डार्सीच्या तोंडात माउथगार्ड.
बोलायचं तर आधी तो काढायला हवा,
लाळेची तार तुटायला हवी.
तोवर हा पाठमोरा झाला होता.
मग ती मलाच म्हणाली, समोर मीच होतो म्हणून :
"मी बाईमाणूस नाहीये. मी एकशेसहा आहे."

नियम सांगतो, हात वर करा.
केला.
जिंकलेला हात आपसूक वर येतो,
हा ओढावा लागला, खोल विहिरीतून भरली बादली ओढावी तसा.
मीही पुरुषच, एकसष्ट वर्षांचा,
तिचं मनगट माझ्या मुठीत होतं,
त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

वरच्या बाकावर थीसनांची आजी, काळ्या जाळीच्या टोपीत,
विणत होती. एकही टाका सुटला नाही तिचा.
समोरून कुणी "भित्रा!" म्हणून ओरडलं.
काहींनी टाळ्या वाजवल्या,
त्याच्यासाठी की तिच्यासाठी
हे टाळ्यांनाही ठाऊक नसावं.

सकाळी काट्यावर दोघांना पाहिलं होतं मी.
गालफडं बसलेली. हा गुरुवारपासून जेवला नव्हता.
ही कचऱ्याची पिशवी अंगात घालून
बॉयलरच्या खोलीत जागच्या जागी धावत होती.
ड्रॉ तर बुधवारीच लागला होता.
म्हणजे उपाशी राहताना त्याला माहीत होतं,
ती समोर येऊ शकते.
आदल्या फेरीत ती हरावी म्हणून
प्रार्थना केली असेल का त्याने?
मी केली असती, त्या वयात.

दोघांचेही उपास.
कुणाचा फळला, कुणाचा मोडला,
मला विचारू नका, मी शिटीवाला.
माझ्या तक्त्यात "माघार" एवढाच शब्द आहे.
श्रद्धेला रकाना नाही,
आणि न झालेल्या कुस्तीची जी खरूज उठते अंगावर
तिलाही नाही.
अंतिम फेरीत डार्सी दोन मिनिटांत चीत झाली.
पाठ टेकली तेव्हा, खोटं नाही सांगत,
चेहरा सुटल्यासारखा वाटला तिचा.

रात्री सव्वानऊला खुर्च्या उचलल्या.
आजी गाडीत, गाडी चालू.
कोच ओरडला : "गादीला दोघं या, कुणीही!"
जे दोघं जवळ होते ते आले.
टेप ओरबाडून काढला. एका टोकाला ती,
दुसऱ्याला तो, मध्ये बारा फूट रबर.
खांदे लावून ढकलू लागले.

तिची बाजू पुढे पळाली. वळकटी तिरकी झाली.
"सरळ घे ना," तो म्हणाला.
"तूच लाव की जोर."
त्याने लावला. मग तिने.
मग पुन्हा त्याने.
कोण किती लावतंय ते गादीला कळत होतं,
आणि दाराशी कोट घालून उभ्या मला, थोडंसं.

भिंतीला धडकून गादी थांबली
तेव्हा दोघंही गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते.
बाहेर हॉर्न वाजला. थीसनांचा.
तो हलला नाही लगेच.